सोबतीला कोण?

माझ्या उजव्या पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, तेव्हा मी बरीच वर्षं त्यांच्याकडे काणाडोळा केला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केलेल्या बाईला उभं राहण्याचं काही वाटत नाही. बसायला स्टूल असायचं, पण त्यावर कायम कुणाची तरी बॅग असायची. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता तरी पायांना आराम मिळेल. पण घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, मग तिथे जखम झाली, आणि ती काही केल्या भरेना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पायाची तपासणी करून घेतली आणि स्पष्टच सांगितलं, शिरांचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर जखम अशीच चिघळत जाईल. कमरेत इंजेक्शन देऊन करतात, एक रात्र राहावं लागेल, आणि सोबतीला कुणीतरी हवं.

सोबतीला कुणीतरी हवं, हे वाक्य मला पाठ आहे. आजवर ते कुणीतरी म्हणजे मीच असायचे.

मी लग्न केलं नाही. का, तो इथला विषय नाही. पण त्यामुळे आमच्या घरात मी ‘मोकळी’ ठरले. बाबांचं हर्निया, आईचे दोन्ही डोळे, वहिनीची बाळंतपणं, ताईच्या यजमानांचा मुतखडा. दरवेळी फोन यायचा, “तू मोकळीच आहेस ना?” मी रजा टाकायची आणि पिशवी भरायची. इथली हॉस्पिटलं मला माहीत आहेत ती सोबतीला बसणाऱ्याच्या बाजूने. कुठल्या बाकाला पाठ आहे, कुठे पहाटे चहा मिळतो, कुठे चटई अंथरली की वॉचमन अंगावर येतो. सर्जन कोण चांगला, हे ठरवायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

दादा खारघरला टॉवरमध्ये राहतो, ताई जुन्या पनवेलमध्ये, आणि मी नवीन पनवेलला एका छोट्या फ्लॅटमध्ये. भावंडांच्या ग्रुपवर मी ऑपरेशनचं लिहिलं आणि पाच मिनिटांत दादाचा फोन.

“हे बघ, तू पनवेललाच कर. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी ते हॉस्पिटल आहे ना, तिथे. जुने डॉक्टर, हात बसलेला. घरगुती वातावरण. या मोठ्या हॉस्पिटलांत माणसाचा नुसता नंबर होतो.”

स्वतःच्या हृदयाची तपासणी याने घरासमोरच्या मोठ्या हॉस्पिटलात केली होती, तेव्हा नंबर व्हायला त्याची काही हरकत नव्हती. सोबतीला मी होते, म्हणून मला माहीत.

ताईचं म्हणणं नेमकं उलटं. “छे गं! इथे कसली सोय? दादाच्या बिल्डिंगसमोरचं बघ. लेझर काय, मशिनं काय, खोल्या कशा लखलखीत! पायाचा प्रश्न आहे, गल्लीबोळात कशाला जातेस?”

खरं सांगते, सुरुवातीला मी सुखावले. माझ्या दुखण्यावरून घरात वाद होतोय, ही गोष्टच नवीन होती. दादा लेखांच्या लिंका पाठवत होता, ताई लांबलचक व्हॉइस मेसेज. मी दोन्ही ठिकाणी जाऊन आले. दोन्ही डॉक्टर मला बरे वाटले. दोघांनी जखम नीट पाहिली आणि जाताना एकच प्रश्न विचारला, “सोबत कोण असेल?” मी म्हटलं, “घरचे आहेत.”

मग मी दादाला कळवलं, खारघरलाच करते, तुझ्या घरासमोर. तो म्हणाला, “चांगलं आहे. पण तिथे पार्किंगचा फार त्रास आहे बघ.”

गॅलरीतून ज्याला हॉस्पिटलचं फाटक दिसतं, त्याला पार्किंगचा त्रास.

बरं, म्हणून ताईला फोन केला. पनवेललाच करते, तुझ्या गल्लीतल्या हॉस्पिटलात. “अगं कर की,” ती म्हणाली, “पण नेमकी त्याच आठवड्यात यांच्या बहिणीकडची माणसं यायची आहेत.” आठवडा कुठला, हे मी अजून सांगितलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. दादाला ताईच्या घराजवळचं हॉस्पिटल आवडत होतं आणि ताईला दादाच्या घराजवळचं. इतकं साधं होतं ते. मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते फारच सौम्य होईल. मी चिडले. भांडी घासताना मोठ्याने बोलत सुटले. एक रात्र मागते आहे, एक! ज्यांच्यासाठी मी बाकांवर पाठ मोडून घेतली, त्यांच्याकडे माझ्यासाठी एक रात्र नाही? भिंतीपलीकडच्या शेजारणीने टीव्हीचा आवाज कमी केला, तेव्हा मी गप्प झाले.

तोंडावर का विचारलं नाहीस, असं कुणी म्हणेल. विचारलं असतं तर कदाचित दोघांपैकी एक आलंही असतं. पण ओढून आणलेली सोबत कशी असते, ती घड्याळाकडे कशी बघते, ते मी वॉर्डावॉर्डांत पाहिलंय. मला ती नको होती.

मी कामोठ्याचं हॉस्पिटल निवडलं. कामोठे दोघांच्या मधोमध. दोघांनाही यायला सारखंच सोपं आणि न यायलाही. तारीख आणि हॉस्पिटलचं नाव ग्रुपवर टाकलं, सोबतीचं काही लिहिलं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. सोबतीचं विचारल्यावर मी या वेळी खरं ते सांगितलं, “कुणी नाही.” त्यांनी कीव केली नाही. रात्री पैसे घेऊन पेशंटजवळ थांबणाऱ्या एका मावशींचा नंबर त्यांनी रिसेप्शनवरून मिळवून दिला.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला उभं केलं आणि मार्करने पायावर शिरांच्या रेघा काढल्या. उभं राहिल्यावरच त्या नीट दिसतात म्हणे. ऑपरेशन व्यवस्थित झालं. कमरेखाली काही कळत नव्हतं. मावशी पलंगाशेजारच्या स्टुलावर येऊन बसल्या, शेजारच्याच गावातल्या होत्या. माझ्या ओठांना ओला कापूस लावत त्यांनी विचारलं, “ताई, तुमचं कोनी नाय काय?”

“आहेत ना. भाऊ आहे, बहीण आहे.”

“मंग? लांब रातात?”

“खारघरला. आणि पनवेलला.”

 मावशींनी चादर माझ्या गळ्यापर्यंत ओढली. तेव्हा मला रडू आलं.

ग्रुपवर जोडलेले हात आले, फुलांचे गुच्छ आले. पुढच्या रविवारी दादा-वहिनी घरी शहाळी घेऊन आले. तेव्हा माझ्या पायात मांडीपर्यंत घट्ट मोजा होता. चहा मीच केला. ताई तिच्याकडचे पाहुणे गेल्यावर आली आणि माझी तब्येत छान दिसते म्हणाली. जखम हळूहळू भरली. आता तिथे नाण्याएवढा डाग आहे.

परवा दादाचा फोन आला. गुडघा बदलायचाय. “तुला सगळी हॉस्पिटलं माहीत. कुठे करू सांग.”

मी म्हटलं, “ताईच्या गल्लीच्या तोंडाशी आहे ना. जुने डॉक्टर, हात बसलेला.”

तो हसला. “चेष्टा नको गं. तीन-चार रात्री लागतील. तुझ्या वहिनीला जागरण सोसत नाही. म्हटलं, तू मोकळीच आहेस...”

“माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत. पैसे घेतात, पण बसतात मनापासून. नंबर पाठवते.”

“परकी बाई?” त्याला खरोखरच धक्का बसला होता. “घरची माणसं असताना रात्री परकी बाई ठेवायची? कसं दिसतं ते?”

“माझ्याजवळ त्याच होत्या.”

 मग तो म्हणाला, “म्हणजे? ताई नव्हती?”

त्याने लगेच ताईला फोन लावला असणार, कारण अर्ध्या तासात तिचा मला आला. “अगं, दादा काय भलतंच सांगतोय? तो होता ना तुझ्याजवळ?”

ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. तोवर त्या रात्री माझ्याजवळ कोण होतं, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. मलाही नाही. मी ताईला ‘तोही नव्हता’ म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि मावशींचा नंबर ग्रुपवर टाकला.