तिफणीवरची पट्टी

दसऱ्याची सुट्टी संपवून कामावर आले, खोलीचं दार ढकललं आणि जागच्या जागी किंचाळले. आमचा कॉम्प्युटर नवरदेवासारखा नटला होता! कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळ्या कागदाच्या झिरमिळ्यांचं तोरण. छान दिसत होतं हो, खोटं कशाला बोलू! पण त्या झिरमिळ्यांना बारीक बारीक भोकं होती, आणि ती भोकं मी ओळखत होते.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर चालवत असे. मुंबईत कुणीतरी वापरून वापरून टाकलेलं, लोखंडी कपाटाएवढं ते धूड. उसाच्या वजनांचे हिशेब करायला आणलेलं. त्याचं सगळं शहाणपण एका लांबलचक कागदी पट्टीवर होतं. भोक कुठे आहे आणि कुठे नाही, हीच त्याची अक्षरं. एकदा ती पट्टी वाचली की ते सगळं पोटात साठवी आणि बंद केलं तरी विसरत नसे. त्यामुळे पट्टी टेबलाच्या खणात निवांत पडून असे. दुसरी एक करून ठेवू या म्हटलं की आमचे मोठे साहेब म्हणत, "कागद काय झाडाला लागतो का?"

"हवालदार!" मी ओरडले.

हवालदार म्हणजे आमच्या खोलीचे शिपाई. सातारा जिल्ह्यातले, खटावकडचे. लष्करातून निवृत्त होऊन कारखान्यात लागलेले आणि तिथल्याच एका खोलीत राहणारे. मिशा अजून लष्करातल्याच. ते हसत हसत आत आले.

"खंडेनवमी व्हती न्हवं बाई! फिटरनी पाने पुजले, ड्रायव्हरनी ट्रक पुजले. आपल्याच मशिनीनं काय घोडं मारलंय? खणात पिवळा कागद गावला, मग कापून तोरान केलं. लय देखनं झालंय का न्हाई?"

"आणि मशीनला हात लावलात?"

"दिवं लागल्याबिगर पूजा कशी व्हायची? चावी फिरवली. मग ओल्या फडक्यानं तोंड पुसलं तिचं. चांगलं घासून."

झालं! चालू मशीनच्या तोंडावरच्या कळा दाबल्या गेल्या की पोटातलं पुसून तिथे भलतंच काहीतरी जाऊन बसतं. म्हणजे आतलं होतं ते फडक्यानं पुसलं गेलं, आणि जिच्यावरून ते परत भरायचं तिचं तोरण झालं. मी चावी फिरवली. दिवे लागले आणि लागले तसेच राहिले. शेजारचा टेलिप्रिंटर, ज्यावर ते आपलं उत्तर टाइप करायचं, हूं नाही की चूं नाही.

मी हवालदारांना काय काय बोलले ते लिहीत नाही. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. ते ताठ उभं राहून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं. आरडाओरडा ऐकून मोठे साहेब आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि थंडपणे म्हणाले, "परवा मोळीपूजन आहे. गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडायच्या आत मशीन चालू झालं नाही, तर हवालदार, तुम्ही गावचा रस्ता धरा."

अन् माझा राग गर्रकन फिरला. "माझ्या खोलीतल्या माणसाला मी बोलेन," मी म्हटलं, "मशीन परवा चालू असेल." आता बोलून तर बसले होते.

हवालदार हळूच म्हणाले, "बाई, गोळ्या खाल्ल्या तवा भ्यालो न्हाई. पर शिपाईगिरीतनं हाकललं म्हून गावात कसं जाऊ?"

"गप्प बसा आणि तोरण उतरवा. एकही पट्टी फाटता कामा नये!"

पट्ट्या दोऱ्याला चिकटवल्या होत्या कणकेच्या खळीनं. वरची भोकं बुजलेली. कँटीनमधून किटली आणली, वाफेवर खळ मऊ केली आणि सुईच्या टोकानं एकेक भोक मोकळं केलं. मग जमिनीवर सगळ्या पसरून क्रम लावायला बसलो. कात्री जिथे भोकातून गेली होती तिथे एका पट्टीला अर्धं भोक आणि दुसरीला उरलेलं अर्धं. जिथे भोक वाचलं होतं तिथे कात्रीची तिरकी कड जुळवायची. फुटलेल्या बांगडीचे तुकडे जुळवावेत तसं. एक अर्ध्याला अर्धं बसलं की हवालदार मांडीवर थाप मारत, "जमलं गड्या!" आणि मग जीभ चावत, "जमलं, बाई!"

मला तर नशाच चढली होती. टेलिप्रिंटरच्या एका बाजूनं जुनी पट्टी भरवली की दुसऱ्या बाजूनं तश्शीच भोकं पडलेली नवी पट्टी बाहेर येते, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. तुकडे ओळीनं भरवायचे, कात्रीत सापडलेली भोकं हातानं पाडायची, की अख्खी पट्टी तयार! दुपारपर्यंत जवळजवळ सगळ्या जुळल्या. पण मधेच एका जागी काही केल्या जुळेना. इकडचं अर्धं भोक तिकडच्या कुठल्याच अर्ध्याशी बसेना.

हवालदारांचा चेहरा पडला. "त्यातली येक... घरी न्हेली, बाई. दसऱ्याला गेल्तो न्हवं. आमच्या मशिनीची म्हून पेरायच्या तिफनीवर बांधली."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. विटा मागे पडलं. गाव आलं. घरी त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "तिफन व्हय? ती सकाळीच रानात गेली. शाळूची पेरनी काढलीया दादांनी."

मी तांब्या तसाच ठेवला आणि पळत सुटले. साडी खोचून, ढेकळांतून, हवालदार मागे. लांबवर बैल दिसले, तिफण दिसली आणि तिच्या दांड्यावर फडफडणारं काहीतरी पिवळं!

"थांबा! अहो दादा, तिफण थांबवा!"

हवालदारांचे थोरले भाऊ कासरा ओढून उभे राहिले. कुणी मेलंबिलं की काय असं त्यांना वाटलं असावं. मी दांड्यापाशी गेले. पट्टी होती! मातीनं माखलेली, एका कडेनं फाटलेली, पण भोकं शाबूत. एका भोकात तर शाळूचा दाणा अडकून बसला होता. मी तिथेच नाचायची बाकी राहिले.

"एवढ्या चिटोऱ्यासाठी सांगलीस्नं आलासा?" दादा म्हणाले. "आवं, दुसरी देतो की. पोरांचं पतंगाचं कागद हायती घरात."

मी पट्टी पुसून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि डबा परतीच्या अख्ख्या वाटेवर मांडीवरून खाली ठेवला नाही.

मोळीपूजनाच्या दिवशी सकाळीच मी यंत्रापाशी बसले. तिफणीवरची पट्टी तिच्या जागी भरवली. दोन्हीकडची अर्धी भोकं बरोब्बर बसली. नवी पट्टी पुरी झाली. मग मशीनला वाचायला शिकवायच्या कळा, ज्या मला पाढ्यासारख्या पाठ होत्या, एकेक दाबल्या आणि पट्टी लावली. ती खडखडत आत जाऊ लागली. बाहेर सनई सुरू झाली होती. पट्टी संपली. मी सुरू करायची कळ दाबली.

टेलिप्रिंटरची घंटा टणकन वाजली आणि कागदावर अक्षरं धडाधड उमटायला लागली. "चाललं! अगं बाई, चाललं!" मी एवढ्यानं ओरडले की मोठे साहेब धावत आले. कागद पाहिला, "बरं" म्हणाले आणि गुमान पूजेला गेले.

मी हवालदारांना शोधत दाराबाहेर आले. ते व्हरांड्यात आपल्या लष्करी ट्रंकेवर बसले होते. अंगात कोट, छातीवर बिल्ले, शेजारी करकचून बांधलेली वळकटी. माझ्याकडे बघून ते ताडकन उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी मिशांपर्यंत आलं होतं.

"बाई, वळकटी सोडू का?"

मी तशीच मागे वळले. आत गेले, जुन्या पट्ट्या गोळा केल्या, आता त्यांचं काही काम नव्हतं, आणि त्यांच्या हातात कोंबल्या. "वळकटी मागनं सोडा. आधी तोरण बांधा. आज मोळी आहे."

"समदं?"

"समदं. आणि तिफणीवरची मधोमध."