सुंदरबाईंचा दुसरा चहा

नागऱ्याजवळच्या एका गावात पोवार समाजातल्या कोणाच्याही घरी सोयरीक जुळवायची, तर आधी सुंदरबाईंकडे जावं लागे. कोणाची आजी कोणत्या घरची, कोणाची मावशी कुठे दिली, सगळं त्यांच्या डोक्यात. सोबत कोण कोणाशी का बोलत नाही, हेही. तेवढं फुकट मिळे.

मागच्या माघात मात्र घोटाळा झाला. गावातल्या रविताला पाहायला आलेल्या बिसेनांच्या मुलाला बाईंनी भर बैठकीत तिचा मावसभाऊ ठरवलं. पाहुणे न जेवता उठले. चार दिवसांनी कळलं, बाईंनी एकाच नावाच्या दोन आज्यांची गल्लत केली होती; आजी वेगळी, गाव वेगळं.

शेजारची नंदाबाई गावभर सांगत फिरली, "बुढीचा डोका सटकला व! आता तिले कायले विचारता?"

आणि खरंच, कोणी विचारेना. बाईंना भाकर गोड लागेना. आपल्याला विसरण्याचा आजार तर नाही? शेवटी मुलगा टिकेश त्यांना गोंदियात डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले, मग मेंदूचा एमआरआय. बावन्न वर्षांत न काढलेली जोडवी, आत धातू चालत नाही म्हणून, काढून बाईंनी सोबत आलेल्या नवऱ्याच्या हातात दिली. "हरवू नका, नाही तं तुम्हालेच घालीन या बोगद्यात!" हुकुमचंद जोडवी मुठीत आवळून बसले. आत यंत्राची धडधड सुरू झाली, तशा बाई डोळे मिटून रहांगडाल्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या मोजत निपचित पडल्या.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. "मेंदू थोडा आकसला आहे, पण तो वयाने. मेंदूतली आठवणींची जागा वयाच्या मानाने शाबूत आहे. नुसत्या फोटोवरून ठरत नाही, पण तुमची उत्तरंही बरोबर आली. नाव उशिरा आठवणं हे वय. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

"म्हणजे उशिरा का होईना, येते ना?"

"येते."

एवढं बाईंना पुरलं. आता कोणी आलं की त्या म्हणतात, "बसा, चहा घ्या. नाव येऊन राहिलं." लोक बसतात. रविताचंही त्याच बिसेनांकडे जुळलं.

परवा खुद्द नंदाबाई आली, नातवाच्या सोयरिकीसाठी, मुलीकडच्यांचं नाव दारातूनच सांगत. "सांग व बाई, ते लोक कोणाचे?"

"बस. येऊन राहिलं."

एक चहा झाला. दुसरा झाला. नंदाबाई घामाघूम. मग बाईंनी सावकाश सात घरांचं नातं सांगितलं, एकही चूक नाही.

ती गेल्यावर हुकुमचंदांनी विचारलं, "एवढा वेळ लागला?"

"मले तं तिनं चप्पल काढली तेव्हाच आठवलं होतं," सुंदरबाई कप विसळत म्हणाल्या.