कालव्यातल्या झेंडूची साक्ष

ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दसऱ्याचा दुसरा दिवस, हडपसरचा कालवा, वर धुकं आणि पाण्यावर संथ सरकणारे मोरपंखी रंग. मी तिथल्या ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक. बघता बघता आपण कशासाठी आलोय तेच विसरलो. मग वास आला. तेल!

खबर दिली होती खालच्या वस्तीच्या पंपचालकानं. वस्तीचं पिण्याचं पाणी कालव्यातूनच उचलत. अग्निशमनवाले साबणाचे ड्रम घेऊन तयार होते. एक पुढारी घाई करत होता, "साहेब, दुपारपर्यंत पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे."

मी माझ्या शेजारच्या, रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक बाईंना बोलावून घेतलं होतं.

"अहो, साबणानं तेल जात नाही, दिसेनासं होतं. पाण्यात मिसळून थेट पंपात जाईल. पोलिसांना फरक कळत असेलच."

"पंप बंद करू? खात्री आहे तुमची?"

"नाही. पण चुकायचंच असेल, तर लोक टँकरची वाट बघतील अशा बाजूला चुका."

पंप बंद केला, टँकर मागवले. तेल अडवून शोषायला उसाच्या पाचटानं भरलेली पोती दोराला ओवून कालव्यात आडवी सोडली. हंडे घेऊन आलेल्या बायकांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या.

बाईंनी काठाला अडकलेला, तेलानं माखलेला झेंडूचा हार उचलून हुंगला. "प्रवाहाच्या उलट वर चालत जा. फुलं कुठे स्वच्छ होतात बघा." निर्माल्य कालव्यात टाकणाऱ्यांवर मी जन्मभर चिडलो. त्या दिवशी त्याच फुलांमागून स्वप्नात चालल्यासारखा चालत राहिलो. गाड्यांच्या जळक्या तेलाचं एक गोदाम ओलांडलं आणि झेंडू एकदम कोरा पिवळा झाला.

मालकाकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार होतं. "शंभर टक्के आमचं नाही!" टाक्या धुणारा म्हातारा कामगार मात्र चाचरला, "नक्की सांगता येत न्हाई साहेब, पण काल वॉल्व नीट बसत नव्हता." त्याचा जबाब घेतला, पंचनाम्यात कालव्याला मिळणाऱ्या गटारात सोडलेला पाइप सापडला. मालकावर गुन्हा दाखल झाला.

तिसऱ्या दिवशी पंप सुरू झाला. वस्तीतल्या एका बाईनं पहिला पेला माझ्यापुढे धरला. "आधी तुम्ही प्या."

मी प्राध्यापक बाईंकडे पाहिलं.

"पाण्याच्या तपासणीत काही सापडलं नाही. त्यापुढचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

सगळ्या नोकरीत मी ठाम बोलणारा साक्षीदार शोधत आलो होतो. त्या दिवशी 'माहीत नाही' ऐकून पेला घेतला आणि घटाघटा प्यायलो.