पेटीची मोकळी कडी

शिवानंदच्या नव्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा धारवाडच्या शाळा उघडून आठवडा झाला होता. शिवानंद म्हणजे माझे यजमान, साखर कारखान्यातले केमिस्ट. पत्र शिरोळजवळच्या एका कारखान्याचं होतं. ते बॅग भरून गेले आणि कामावर रुजूही झाले. मागे उरलो आम्ही दोघी. घर हलवता येतं, राज्यही बदलता येतं. प्रश्न गिरिजाचा होता. आमची मुलगी नुकतीच सहावीत गेली होती, कन्नड शाळेत, वर्गात पहिली.

कन्नड शाळा हा माझा हट्ट. माझं माहेर निपाणीकडचं, माझं शिक्षण मराठीत, सासर धारवाडचं. लग्नानंतर मी भाषणं करू लागले. बसव जयंतीला, महिला मंडळांत, कॉलेजांच्या गॅदरिंगला. मुलानं ज्या मातीत वाढायचं त्या मातीच्या भाषेत शिकायचं, हे मी शेकडो लोकांसमोर मूठ आपटून सांगितलं आणि घरातही तेच केलं. आता माती बदलणार होती. तत्त्व कायम ठेवायचं तर गिरिजाला मराठी शाळेत जावं लागणार होतं. मराठी ती माझ्याशी घडाघडा बोलायची, पण देवनागरी तिनं वाचली होती ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि लग्नपत्रिकांत.

"अव्वा," शाळा शोधायला निघालेल्या कोल्हापूरच्या बसमध्ये ती मला म्हणाली, "टाळ्या तुला मिळाल्या. पेपर मला लिहायचेत."

मी कंडक्टरकडे कोल्हापूरची तिकिटं मागितली.

धारवाड ते कोल्हापूर लाल बसनं पाच तास धरा. तेव्हा महामार्गाचं चौपदरीकरण चालू होतं, त्यामुळे बेळगावच्या पुढे गाडी रस्त्यावर कमी आणि बाजूच्या धुळीतच जास्त. तिकीट माणशी शंभराच्या आत. निपाणीला गाडी थांबली तेव्हा मी माहेरचा चहा म्हणून दोन कप प्यायले. कागल आलं आणि पाट्यांवरची अक्षरं बदलली. गिरिजा एकेक पाटी ओठ हलवत वाचू लागली. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "पोरगी जप करतीया व्हय?"

"शाळा बघायला चाललोय, आजी."

"मग कोल्हापुरात बघा की. आमच्या गावात शिकून म्हशी बी शान्या झाल्या न्हाईत."

माझं मन तर कोल्हापूरवर कधीच जडलं होतं. जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिलेलं शहर. मोठी ग्रंथालयं, नाट्यगृह, व्याख्यानमाला. मी ठरवून टाकलं होतं की शिवानंदनी कारखान्यावर राहावं, आम्ही दोघींनी शहरात. गिरिजाला शाळा आणि, खरं सांगते, मला व्यासपीठ.

स्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकून त्याच दुपारी आम्ही शहराबाहेरची इंग्रजी शाळा पाहिली. दारात माशांची काचेची पेटी, मुलांच्या गळ्यात टाय, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांची रांग. तिथल्या बाईंनी गिरिजाला इंग्रजीतून पाच प्रश्न विचारले. दोनच उत्तरं आली. "एक वर्ष खाली घेऊ, चौथीचं इंग्रजी खाजगी शिकवणीत करून घ्या," बाई म्हणाल्या. वाईट काहीच बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर गिरिजानं एवढंच विचारलं, "खाली म्हणजे पाचवी? पुन्हा?"

त्या संध्याकाळी कोल्हापूरनं आम्हाला सावरलं. गंगावेशीत म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. गिरिजानं कोमट पेला दोन्ही हातांत धरला. गवळ्यानं तिच्या ओठावरची पांढरी मिशी बघून हाक मारली, "आता झाली ही कोल्हापूरची!" अनोळखी पोरीला एवढ्या मोठ्या आवाजात आपलं म्हणणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. भर रस्त्यात माझा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ. पंधरा रुपयांत घाम, अश्रू आणि वर फुकटचा कट. तिथून मंगळवार पेठेतली मुलींची मराठी शाळा. दगडी पायऱ्या, आत पाढ्यांचा आवाज, आणि दाराशी खुर्चीवर पांढऱ्या टोपीतले एक भारदस्त गृहस्थ. मी त्यांना नमस्कार केला आणि सुरू झाले. सीमाभागातल्या मुलींचं काय करणार आहात? दोन भाषा जाणणाऱ्या मुलीला शिक्षा का? बुद्धी लिपीत असते का? पाचेक मिनिटं मी बोलत होते. पाढे थांबले.

गृहस्थ उभे राहिले. "बाई, लई भारी बोल्लासा. अंगावर काटा आला बघा. पर मी शिपाई हाय. हेडबाई आत हायत, आन् समदं ऐकलंय त्यांनी."

हेडबाईंनी हसू दाबलं. मग गिरिजाला पाटी दिली आणि पाच ओळी सांगितल्या. गिरिजा पाटीवर वाकून लिहीत होती. जोडाक्षरांशी ती अडायची, खोडायची, पुन्हा लिहायची. पाच ओळींत चौदा चुका.

"तुमचं भाषण पहिल्या नंबरचं," हेडबाई म्हणाल्या. "पण परीक्षेला तुम्ही बसणार नाही. पाचवीत घाला. वर्षभरात पाया पक्का होईल."

त्यांचं चुकत नव्हतं. शाळा उत्तम होती. पायऱ्या उतरताना गिरिजा म्हणाली, "माझ्यापेक्षा लहान मुलींत बसायचं. पहिली येऊनसुद्धा." तिचा आवाज चढला नव्हता. एसटीडी बूथवरून मी शिवानंदना फोन केला. ते म्हणाले, "उद्या इकडे या. इथल्या गावातही शाळा आहे."

"गावातली? सातवीपर्यंतची? गिरिजासाठी?" माझा आवाज बूथच्या काचेबाहेर गेला असणार, कारण रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

तरी गेलो. कोल्हापूरहून जयसिंगपूर, तिथून शिरोळ, पुढे सहा आसनी टमटममध्ये दहा जण. दोन तास हाताशी ठेवा. जयसिंगपूर सोडल्यावर ऊस सुरू होतो आणि संपत नाही. मग एका वळणावर ऊस बाजूला झाला आणि कृष्णा दिसली. रुंद, सावकाश, काठोकाठ हिरवी. मी नद्यांवर खूप बोलले आहे. त्या दिवशी नुसती पाहिली.

शाळा म्हणजे कौलारू लांबट इमारत, चार खोल्या. शिवानंद फाटकाशी थांबले होते. भिंतीवर लाल तेलरंगाची आडवी रेघ होती, माझ्या डोक्याच्याही वर. "पाणी तिथपर्यंत आलं होतं," ते म्हणाले. आणि तेवढ्यात घंटा झाली, थांबून थांबून, तीन-तीन ठोके.

वर्गांतून मुलं बाहेर आली. ओरडा नाही, धावपळ नाही. चौथीची मुलं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले नकाशे खांद्यावर घेऊन. पाचवीची, हातात खडूचे डबे आणि घंटेचा हातोडा. तिसरीचे दोघं भिंतीवरचं घड्याळ बाळासारखं छातीशी धरून. दुसरीच्या मुलांच्या हातात वस्तू नव्हती, प्रत्येकानं पहिलीतल्या एकाचा हात धरला होता. पुराआधीचा सराव होता तो. दर जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात ही अख्खी शाळा उचलली जाते आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या मठाच्या दगडी माडीवर जाते. नदी खरोखर चढते तेव्हा कुणाला काही सांगावं लागत नाही.

सहावी-सातवीची बाकीची मुलं पुस्तकांचे गठ्ठे घेऊन पुढे गेल्यावर, सगळ्यांच्या शेवटी एक काळी पत्र्याची पेटी आली. दोन बाजूंना दोन कड्या. एक कडी सातवीतल्या एका मुलीच्या हातात, दुसरी मोकळी, आणि पेटीचं ते टोक जमिनीवर घासत होतं. मागून गुरुजी आले, शाळेचे मुख्याध्यापक. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"रेणुका, घासू नको, तळ जाईल तिचा!"

"मग काय डोक्यावर घिऊ, गुरुजी? जोडीदारीण गेली की हायस्कुलात!"

त्या पेटीत जनरल रजिस्टर होतं, शाळा निघाल्यापासूनचं. गुरुजी मला म्हणाले, "बाकं बुडू द्यात, फळा बुडू दे. ह्यात गावातल्या परत्येकाचं नाव आन् जन्मतारीख हाय. सातबाऱ्याला, नोकरीला, लग्नाला, शेवटी समदी हितंच येत्यात."

मी बोलायला श्वास घेतला. गुरुजी, माझी मुलगी, कन्नड माध्यम, सहावी, असा सगळा मजकूर तयार होता. शेजारी पाहिलं तर गिरिजा नव्हती. तिनं जाऊन मोकळी कडी धरली होती.

"डावा पाय आधी टाक," रेणुका तिला सांगत होती. "न्हाईतर पेटी गुडघ्याला लागती. कन्नड येतं?"

"येतं."

"माझी अज्जी पल्याडची हाय. मोज मग. तालात चालाय बरं पडतं."

"ओंदु, एरडु," गिरिजानं कन्नडमध्ये एक-दोन मोजलं, आणि पेटी उचलली गेली. ओंदु, एरडु, ओंदु, एरडु. उसामधल्या चढाच्या वाटेनं दोन वेण्या एका लयीत हलत गेल्या. मी, शिवानंद, गुरुजी मागे चालत होतो. चढ पंधरा मिनिटांचा. मध्ये दोनदा त्या थांबल्या, हात बदलले, पुन्हा चालल्या.

माडीवर पेटी ठेवल्यावर मी माझं भाषण सुरू केलंच. "गुरुजी, तिला लेखन येत नाही, पण तिची आकलनशक्ती..."

"बाई, दम घ्या वाईच," गुरुजी म्हणाले. "कितवीतनं आलीया?"

"सहावी. पण सगळे पाचवीत घाला म्हणतात."

"पाचवीत कशी घालू? पाचवीतल्यास्नी मी खडूचा डबा देतो. पेटी सहावी-सातवीची हाय. तिनं उचलली न्हवं?"

"आणि लिहिणं?"

"लिवणं दिवाळीपतुर ईल. सांजचं बसवतो मी. पाणी दिवाळीपतुर थांबत न्हाय."

गिरिजानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तळव्यावर कडीचा लाल वळ उठला होता आणि ती तो लपवत नव्हती.

मला मेल करून "मुलांसकट कोल्हापूरकडे येतोय, कोणती शाळा?" असं विचारणाऱ्यांनो, मी या शाळेचे दोषही सांगते. सात वर्गांना तीन शिक्षक. पत्र्याचं एकच शौचालय. इंग्रजी नावापुरतं. ग्रंथालय म्हणजे एक कपाट, तेही कुलूप गंजलेलं. शहरातल्या दोन्ही शाळा यापेक्षा सुसज्ज होत्या आणि तुमच्या मुलाला त्या मानवतीलही. राज्य ओलांडून येताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिकडच्या शिक्षणाधिकाऱ्याची सही आठवणीनं घ्या, नाहीतर पुन्हा चकरा. आणि शाळा बघायला जाल तेव्हा मुलाला पुढे चालू द्या. मी तीन दिवस पुढे चालले होते.

मिरजेहून रेल्वेनं परतलो. गिरिजा बाकावर बसून वहीत जोडाक्षरं लिहीत होती, मी न सांगता. कोल्हापूरचं व्यासपीठ, व्याख्यानमाला, सगळं मागे चाललं होतं. दुखलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी धारवाडच्या घरात आवराआवर काढली. माझ्या पुस्तकांची आणि भाषणांच्या टिपणांची लोखंडी पेटी हॉलच्या मध्ये ओढून ठेवली होती. गिरिजा आली, तिनं एक कडी धरून वजन पाहिलं.

"अव्वा, दुसरी धर."

"अगं, हमाल येतील."

"धर गं."

धरली. आम्ही पेटी उचलून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ती ओंदु-एरडु मोजत होती. माझी बोटं सुजली, मी पेटी टेकवली आणि खाली बसले.

"रेणुका म्हणाली, पुरात कडी ओली असते, निसटते," गिरिजा म्हणाली. तिनं मोरीत जाऊन हात ओले केले आणि येऊन कडी धरली. "ऊठ. अजून एक फेरी."