रांगेत शेवटी फ्लॅट एकोणीस

गालात्स शहरातल्या त्या दहा मजली इमारतीत चाळीस घरांना मिळून इंटरनेटची एकच लाइन होती, आणि तिच्यावर आधी कोण, मागे कोण हे लिविउ रादुकान ठरवायचा. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, बायको वारलेली. कपडे वाळवायच्या खोलीत त्याने एक जुना कॉम्प्युटर मांडून नियम घातले होते : बोलणं सगळ्यांत पुढे, मग पत्रं, सिनेमे उतरवणारे मागे. त्याच्या आधीच्या माणसाने स्वतःचं घर गुपचूप पुढे घुसवलं होतं. ते उघडकीला आल्यावर जिन्यात त्याच्याशी कोणी बोलेना. म्हणून लिविउने स्वतःचा एकोणीस नंबरचा फ्लॅट सिनेमांच्याही मागे टाकला आणि तशी यादी लिफ्टशेजारी चिकटवली. ती कोणी वाचली नाही.

रविवारी पाचला अर्धी इमारत इटलीत नि स्पेनमध्ये गेलेल्या पोरांशी बोलत असे. इटलीतल्या तोरिनोत म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या इलिंकालाही, म्हणजे त्याच्या लेकीला, सुट्टी नेमकी तेव्हाच.

"बाबा, नीट ऐक हं. मालकीणबाई मला पक्कं करतायत, चार वर्षांसाठी. पण तू म्हणालास तर..."

तिचा चेहरा पडद्यावर थिजला.

त्या 'तर'च्या पुढचं ऐकायला तो दोन वर्षं थांबला होता. घरबसल्या एक ओळ टाइप केली असती तर त्याचं घर पुढे सरकलं असतं आणि दुसऱ्या कुणाचं तरी मागे. भिंतीपलीकडे शेजारच्या वेतुरिआबाई नातवाला सांगत होत्या, "असा काय रुसलास सोन्या? आजीकडे बघ की." लिविउने बोटं कळफलकावर ठेवली. तशीच ठेवली. फोन तुटला.

मग संदेश आला : "परत येऊ का, तीनदा विचारलं. तू नुसता हसत बसलास. कळलं मला. उद्या सही करते."

तिच्या पडद्यावर तो 'कशी आहेस'च्या हसण्यावरच अडकला होता.

"लाइन अडकली होती," त्याने लिहिलं. आपली लाइन अडकत नाही, असं त्याने सहा वर्षं अख्ख्या इमारतीला ठणकावून सांगितलं होतं. त्याने ते खोडलं.

दार वाजलं. वेतुरिआबाई बशीत सारमाले, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे रोल, घेऊन उभ्या. "इंजिनिअरसाहेब, आज अगदी समोर बसल्यासारखा दिसला हो पोरगा. तुमच्या लेकीचा आला का फोन?"

"आला होता."

"काय म्हणते?"

"बरी आहे."

सारमाले ओट्यावर ठेवून तो परत बसला आणि त्याने लिहिलं, "सही कर. कागद मात्र नीट वाचून घे."