मथुरी

मथुरा अक्काच्या पदराच्या गाठीत कायम एक सुई आणि पितळी चिमटा असायचा. गावात कोणाच्याही पायात काटा मोडला, की तो लंगडत तिच्या ओट्यावर जाऊन बसे. ती तो पाय स्वतःच्या मांडीवर घेई आणि म्हणे, "हालू नको रे भाऊ. निंघी जाई."

ज्याचा पाय, तो तिच्या देखतच त्या काट्याच्या झाडाला शिव्या घाली. "मथुरीनं सायकलनं टायरबी फाडं, अक्का." ती मान हलवून काटा शोधत राही. आमच्या चोपड्याकडच्या त्या भागात वेड्या बाभळीला अजून मथुरीच म्हणतात. नव्या पोरांना वाटतं, मथुरेहून आली असेल. ते अक्काचं नाव आहे. ते कसं पडलं, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

शेंगा मी आणल्या होत्या. ऐंशीच्या सुमारास मी कच्छात रस्त्याच्या कामावर होतो, तिथं हे झाड पाहिलं. अक्का विधवा, लेक सासरी गेलेली, घरी एकटी, आणि तिच्या कपाशीत गावाच्या शेळ्या घुसायच्या. बांधाला लाव, कुंपण होईल, सरपणही मिळेल, असं मीच तिला पटवलं. कुंपण झालं खरं. पण शेळ्यांनी त्या गोड शेंगा खाल्ल्या आणि लेंड्यांतून बी नाल्याला, गायरानात, सगळ्यांच्या शेतात गेलं.

तिला चावडीवर बोलावलं. सरपंचांनी विचारलं, "अक्का, हाई बी तुले कोनी दिधं?" मी समोरच बसलो होतो.

"कोनी नही," ती म्हणाली. "मीच आनं."

नंतर वाटेत गाठून मी कारण विचारलं, तर हसली. "तुना लगीननी बोलनी चालू शे. लगीन व्हऊ दे, मंग सांगजो. मन्हं नाव तसंबी कोन लेस?"

लग्न झालं. मुलं झाली. तोवर सगळं गाव तिचं नाव घेऊ लागलं होतं, आणि मीही तिच्या मांडीवर पाय ठेवून काटे काढून घेत होतो. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

ती गेली तेव्हा नरडाण्याहून तिची लेक आली. अंगणात माणसं जमली होती. "लाकडं कसली आणू?" कोणीतरी मला विचारलं.

"मथुरीची," मी म्हणालो. "खळ्यात पडलीत."

आईचे पाय पुसता पुसता लेकीनं वर पाहिलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी बैलगाडी जुंपायला गेलो.