चष्मेवाल्या बैलाची भिंत

जालन्यात मस्तगडात माझं सासर. घराची एक बाजू गल्लीच्या तोंडावर होती. भिंत सपाट, लांबरुंद, खिडकी नसलेली. कुणी ना कुणी तिच्यावर काहीतरी लिहून जायचंच. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्यावर खोकल्याच्या औषधाची अर्धी जाहिरात आणि कुठल्याशा निवडणुकीचं पुसट चिन्ह होतं. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली.

घरात आम्ही तिघं. हे कचेरीत कारकून, मी, आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. गल्लीत त्यांचा मोठा दरारा. कुणी मोठ्यानं हसलं तर त्यांची एक भुवई वर जायची आणि हसणारा गप्प व्हायचा. त्यामुळं पुढं जे घडलं त्यात त्यांचा हात असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी भोकरदनला जाऊन दिल्या होत्या. लग्नाच्या बोलणीत भरतकाम, विणकाम यांच्या शेपटाला "आणि चित्रं काढते" एवढं सांगितलं गेलं. लग्नानंतर ती चित्रकला दिवाळीच्या रांगोळीपुरती उरली.

एका उन्हाळ्यात कपाशीच्या बियाण्याच्या कंपनीनं आमची भिंत घेतली. रंगवायला एक पेंटर आला. पन्नाशीचा, दाढी मेंदीनं लाल केलेली, सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे लटकवलेले. घरात उर्दू बोलणारा माणूस, पण आमच्याशी मराठीत बोलायचा आणि मधूनच उर्दूत घसरायचा. निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून त्यानं टिचकी मारली, की सरळ रेघ उमटायची. मी दाराआडून बघत राहायची. दोन दिवसांत त्यानं मिशीवाला शेतकरी काढला, शेजारी पांढरा बैल, आणि शेतकऱ्याच्या हातात त्याच्या डोक्याएवढं कापसाचं बोंड. अक्षरं तेवढी राहिली.

"मावशी, मी आठ दिवस तीर्थपुरीकडं चाललो. तिकडच्या भिंती करून येतो. डबे इथं राहू देऊ का?"

"ऱ्हाऊ दे. कोण खातंय?" आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्ली उन्हानं चिडीचूप झालेली असताना, आत्याबाई तांदूळ निवडायला उंबऱ्यावर बसल्या. बराच वेळ बैलाकडं बघत होत्या.

"ह्या बैलाचे डोळे बघितले का गं? लई शिकल्यावानी दिसून राह्यला."

मी म्हटलं, "हो ना. चष्मा तेवढा पाहिजे."

आत्याबाईंनी गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. मग तांदळातला खडा काढावा तितक्या सहज म्हणाल्या, "मंग लाव की. मी हाय इथं. कुणी आलं तर खोकते."

मी आधी हसले. मग त्या हसत नाहीत हे पाहिलं आणि उठून काळा डबा उघडला. पाच मिनिटांत बैलाला चष्मा लागला. रंगात कालवलेल्या रॉकेलचा हाताला वास आला, पण रॉकेलचा स्टोव्ह रोजच पेटवायची मी, कुणाला शंका येणार?

संध्याकाळी हे कचेरीतून आले ते भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले. जेवताना म्हणाले, "कुणीतरी बैलाला चष्मा लावलाय. माझ्यासारखा. डाव्या दांडीला दोरा बांधलेला, तोसुद्धा तसाच."

चष्मा काढताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरा कुठला चष्मा येणार होता? मी मान खाली घालून भाकरी वाढली. आत्याबाई म्हणाल्या, "दोरा बांधलेले चष्मे लई झालेत आजकाल." दुसऱ्या दिवशी हे दुकानात जाऊन नवी दांडी बसवून आले.

आठ दिवसांनी पेंटर आला. आम्ही दोघी दाराआड. तो सायकलवरून उतरला, बैलापुढं उभा राहिला, एक बिडी पूर्ण ओढली. मग त्यानं निवांतपणे बियाण्याचं नाव लिहिलं, आणि शेवटी बैलाच्या तोंडापुढं एक उघडा पेपर रंगवला. पेपरात वाचता येईल असा एकच मथळा होता: हम्मा!

जाताना दाराकडं न बघताच मोठ्यानं म्हणाला, "मावशी, काम जरा बाकी आहे. डबे राहू द्या. पिवळा नवीन आणलाय. झाकण ढिलं ठेवलंय, कुणाला लागला तर."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. "उत्तर देऊन गेला की गं मेला."

मग सुरूच झालं. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती, पण डोकं असं चालायचं की मला हसू आवरत नसे. "हे बोंड अंड्यावानी दिसून राह्यलंय. उबवायला कोंबडी बसव." मी बोंडावर कोंबडी बसवली. पेंटर पुढच्या खेपेला आला, त्यानं शेतकऱ्याची मिशी पुसली आणि कोंबडीला लावली. मग आत्याबाई म्हणाल्या, "खालच्या नळाला तर पाणी येत न्हाई. आभाळात नळ काढ, तिकडं असंल." मी वर नळ काढला आणि त्याच्याखाली पाय फुटलेल्या घागरींची रांग. त्यावर पेंटरनं नळातून छत्री उघडून उतरणारा मासा काढला. एका शब्दानं कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्यानं बियाण्याचं नाव मात्र प्रत्येक वेळी नीट, ठळक ठेवलं. कामाशी बेइमानी नाही.

एकदा मी घागरीला पाय काढत असताना आत्याबाई खोकल्या. मी ब्रश पदराखाली घेतला आणि झाडू उचलून नुसतीच हवा झाडत राहिले. समोरच्या काकू विचारत होत्या, "भर उन्हात झाडून राह्यलीस?" आत्याबाई म्हणाल्या, "तिला सवयच हाय." त्या दिवशी नव्या कोऱ्या पदराला पिवळा डाग पडला. तो हळदीचा आहे असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगितलं.

लोक बघायला यायला लागले. आधी गल्लीतले, मग मोंढ्यात माल घेऊन आलेले. टांगेवाले "चष्मेवाल्या बैलाच्या गल्लीत" असं म्हणून सवारी आणायला लागले. एका वरातीनं नवरदेवाला बैलाशेजारी उभा करून फोटो काढला. हे रात्री जेवताना रोज म्हणायचे, "गल्लीत कुणीतरी येडं आहे." आत्याबाई म्हणायच्या, "एक न्हाई, दोन तरी असतील."

शेवटी कंपनीचा माणूस मोटारसायकलवर आला. गळ्यात टाय, घामानं मानेला चिकटलेला. भिंत बघून त्याचा चेहरा जांभळा झाला.

"हे काय आहे? कोणी केलं हे?"

"आम्हाला वाटलं तुमचीच नवी जाहिरात," आत्याबाई म्हणाल्या. "लांबून लांबून लोक येतात."

"येतात ते कोंबडीची मिशी बघायला. आमचं नाव वाचतात का?"

"मला वाचता येत न्हाई, साहेब. पण बैल बराबर वाचून राह्यलाय."

त्या माणसाचा ओठ क्षणभर हलला, पण त्यानं तो आवरला. दोन दिवसांत भिंत पांढरी झाली पाहिजे असं सांगून गेला.

पेंटर चुन्याची बादली घेऊन आला तेव्हा मान खाली होती. त्याला चांगलीच बोलणी बसली होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आमची गंमत झाली आणि त्याचं काम जायची वेळ आली, हा विचार तोवर मला शिवलाच नव्हता. मी डोक्यावर पदर घेऊन थेट बाहेर आले.

"भाई, ते मी केलं. तुमच्या साहेबांना मी सांगते."

"मालूम आहे, भाभी," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी समजलं. आम्ही पेंटर लोक रेघ कुठूनही ओढतो. तुमची प्रत्येक रेघ ठिपक्यापासून निघालेली. हा रांगोळीचा हात. साहेबाला काही सांगू नका, त्याला दुसरा पेंटर भेटणार न्हाई. पण एक सांगा, हे डोकं पण तुमचंच का?"

मी नजरेनंच आत्याबाईंकडं दाखवलं. त्या बादलीत वाकून बघत होत्या. "चुना पातळ झालाय," त्या म्हणाल्या.

पेंटर खाली बसून हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, मी पाणी आणून दिलं. मग त्यानं भिंत पांढरी केली. सगळ्यांत शेवटी बैल. ते बघवेना म्हणून मी आत गेले.

पण आठ दिवसांत तो परत आला, हातगाडी घेऊन. गाडीवर बंद पडलेल्या दुकानांच्या जुन्या पत्र्याच्या पाट्या. "भिंत कंपनीची," तो म्हणाला, "पत्रे माझे. आता कोण काय बोलतो?"

पत्रे आम्ही मागच्या अंगणात रंगवले, यांना न सांगता, ते कचेरीत असताना. साडी नेसलेली शेळी, जिच्या दोन्ही शिंगांवर बाळंतविड्याची टोपडी. तिकिटं काढायला रांगेत उभी असलेली झाडं. शिवणयंत्रावर बसून आभाळ शिवणारा म्हातारा. पेंटरनं चेहरे काढायचे, मी कपडे आणि पानंफुलं, आत्याबाईंनी बाजेवर बसून हुकूम सोडायचे. बारा पत्रे झाले. एका रविवारी सकाळी आम्ही ते गल्लीतल्या घराघरांवर खिळे ठोकून लावले. मी एका पत्र्यावर शेवटचा रंग मारत होते तेव्हा हे दात घासत बाहेर आले, बघतच राहिले, आणि पेंटरच्या हातात ब्रश नसून माझ्या हातात आहे हे त्यांना दिसलं.

"म्हणजे बैल..." ते म्हणाले.

"चहा ठेवलाय," मी म्हटलं.

ते आत गेले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण चहा पिऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेर आले आणि गर्दीला चित्रांचे अर्थ सांगायला लागले. "ही झाडं रांगेत आहेत, म्हणजे जंगलतोडीवर टीका आहे."

"साहेब," पेंटर म्हणाला, "पत्रा लांब होता, म्हणून रांग केली."

हे अजिबात डगमगले नाहीत. पुढच्या पत्र्याकडं वळले.

दुपारपर्यंत गल्लीत मुंगीला जागा नव्हती. तीर्थपुरीकडून बियाणं न्यायला आलेला एक शेतकरी साडीवाल्या शेळीपुढं फार वेळ उभा होता. शेवटी म्हणाला, "आमच्या गावात बी असंच हाय. फक्त एवढा रंग न्हाई." त्याला काय म्हणायचं होतं ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही, पण पेंटरनं उठून त्याला स्वतःचा चहा दिला.

कंपनीचा माणूसही आला. बाराव्या पत्र्यावर मोटारसायकलवर बसलेला एक माणूस होता, टाय उडतोय आणि मानेवर डोक्याच्या जागी उमललेलं बोंड. तो बघत राहिला.

"हा मी आहे का?"

"न्हाई हो," आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही जरा बारीक हायत."

आता मात्र त्याचा ओठ आवरला नाही. तो पोट धरून हसला आणि हळूच विचारलं, "हा मला द्याल का? बायकोला दाखवतो." संध्याकाळी तो पत्रा मोटारसायकलला सुतळीनं बांधून घेऊन गेला. पुढच्या हंगामात आमच्या पेंटरलाच काम मिळालं.

त्यानंतर गल्लीत तीन-चार वर्षं, जमेल तशी, पत्र्यांची जत्रा भरायची. मग मला मुलगी झाली, पेंटर मुलाकडं परभणीला गेला, आणि पुढं बाजारात छापील फ्लेक्स आले.

दोन हजार सालानंतर मुलगी औरंगाबादला शिकत होती. तिनं आम्हा दोघींना एका प्रदर्शनाला नेलं. शहरातल्या तरुण पोरांची चित्रं, बाहेरच्या कंपाउंडवर स्प्रेनं रंगवलेली, आत फ्रेममधली. तिथं माहिती देणाऱ्या पोरीनं सांगितलं की याला पॉप सर्रिअलिझम म्हणतात, म्हणजे सिनेमाच्या पोस्टरच्या ढंगात काढलेली स्वप्नातली उलटीपालटी दुनिया. आत्याबाई तेव्हा ऐंशीच्या घरात. एका चित्रापुढं त्या थबकल्या. मोठं डोकं, बशीएवढे ओले डोळे, काडीसारखी मान असलेली पोर रिकाम्या ताटापुढं बसलेली.

"हिला जेवायला घालत न्हाईत का?"

"आजी, ते चित्र आहे," माझी मुलगी म्हणाली.

"मला दिसतंय चित्र हाय ते."

त्यांनी पिशवीतून डबा काढला, त्यातला एक मेथीचा लाडू घेतला आणि चित्राखालच्या लाकडी पट्टीवर ठेवून दिला. पहारेकरी धावत आला. "आजी, चित्राला हात लावायचा नाही!"

"हात लावला न्हाई. लाडू ठेवला."

चित्र काढणारा पोरगा कोपऱ्यातून आला. केस जांभळे, कानात बाळी. त्यानं लाडवाकडं पाहिलं, आत्याबाईंकडं पाहिलं, आणि पहारेकऱ्याला म्हणाला, "राहू द्या. आता लाडवालाही हात लावू देऊ नका."

प्रदर्शन आठवडाभर होतं. मुलीनं चौथ्या दिवशी फोन केला, की लोक लाडवाचे फोटो काढत आहेत, आणि मुंग्यांची रांग लाडवाचा चुरा घेऊन फ्रेमवरून चढून थेट चित्रातल्या ताटापर्यंत गेली आहे. मी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी कानात घातलेला कापूस काढला, पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि म्हणाल्या, "मुंग्यांनाच कळलं बघ, लाडू कुठं न्यायचा ते."